आयर्टन सेन्ना : वेगाच्या सम्राटाचा शेवटचा धडा

फॉर्म्युला वन या जगप्रसिद्ध मोटार शर्यतीच्या इतिहासात आयर्टन सेन्ना या नावाभोवती जे वलय आहे, ते फार थोड्यांच्या वाट्याला आले. तीन वेळा विश्वविजेतेपद, ४१ शर्यतींत विजय आणि सरावातील सर्वांत वेगवान फेरीच्या बळावर ६५ वेळा आरंभरेषेवरील पहिली जागा, असा पराक्रम गाजवणारा हा ब्राझीलचा चालक १ मे १९९४ रोजी इटलीतील इमोला येथे, वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी, डोक्याला झालेल्या इजेने मरण पावला. त्याच्या विजयांच्या कथा आजही रंगवून सांगितल्या जातात. त्याच्या आयुष्याची आणखी एक बाजू मात्र तुलनेने कमी सांगितली जाते. माणसाचे डोके किती आघात सोसते, ते कशाने वाचते आणि ते वाचवण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नांची उत्तरे एका संपूर्ण क्रीडाजगताला त्याच्या मृत्यूनंतर शोधावी लागली. पेडण्याच्या महामार्गावर आणि डिचोलीच्या खाणपट्ट्यातील रस्त्यांवर रोज दुचाकीने ये-जा करणाऱ्या गोमंतकीयांसाठी त्याच्या चरित्राची हीच बाजू अधिक मोलाची आहे.

सेन्नाचा जन्म २१ मार्च १९६० रोजी साओ पाउलो शहरात झाला. वडील मिल्टन दा सिल्वा हे सधन उद्योजक होते. लहानपणी आयर्टनच्या हातापायांच्या हालचालींत सफाई नव्हती. चालताना, पायऱ्या चढताना तो अडखळे. अशा मुलाला वडिलांनी चौथ्या वर्षी गवत कापण्याच्या यंत्राचे एक अश्वशक्तीचे इंजिन बसवलेली छोटी गाडी करून दिली आणि त्या गाडीच्या चाकांवर मुलाची सारी अडखळ संपली. तेराव्या वर्षी तो पहिल्या कार्टिंग शर्यतीत उतरला. त्या शर्यतीत आरंभीच्या जागा हेल्मेटमध्ये चिठ्ठ्या टाकून ठरवल्या गेल्या आणि सेन्नाच्या हाती पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी आली, असे सांगितले जाते. पावसातील एका शर्यतीत दाणादाण उडाल्यावर त्याने पावसाशीच मैत्री केली. साओ पाउलोत सर आली की तो गाडी बाहेर काढी आणि ओल्या रस्त्यावर अंधार पडेपर्यंत घिरट्या घाली. १९७७ मध्ये तो दक्षिण अमेरिकेचा कार्टिंग विजेता झाला. पुढे जागतिक कार्टिंग स्पर्धेसाठी त्याने पिवळ्या रंगावर हिरवे आणि निळे पट्टे असलेले हेल्मेट रंगवून घेतले. ब्राझीलच्या ध्वजाचे रंग ल्यायलेले ते शिरस्त्राण पुढे त्याची ओळख बनले.

१९८१ मध्ये तो इंग्लंडला गेला. सिल्वा हे आडनाव ब्राझीलमध्ये घरोघरी आढळते; म्हणून त्याने आईचे सेन्ना हे नाव पुढे केले. मुलाने कौटुंबिक व्यवसायात लक्ष घालावे, अशी वडिलांची इच्छा होती आणि पहिल्या हंगामानंतर तो खरोखरच मायदेशी परतला होता. परंतु काही महिन्यांतच तो पुन्हा इंग्लंडला आला. १९८३ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धा जिंकून त्याने १९८४ मध्ये टोलमन या लहानशा संघातर्फे फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले. त्याच वर्षी मोनॅकोच्या मुसळधार पावसात या नवख्या चालकाने एकेक नामवंत मागे टाकत आघाडीवरील अलँ प्रोस्टला गाठत आणले होते. पावसामुळे शर्यत मध्येच थांबवली गेली आणि सेन्नाला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

पहिला विजय मात्र फार दूर नव्हता. २१ एप्रिल १९८५ रोजी पोर्तुगालमधील एस्तोरिल येथे, पुन्हा धो धो पावसात, लोटस संघाच्या गाडीतून त्याने ही शर्यत एक मिनिटाहून अधिक अंतराने जिंकली. दुसऱ्या क्रमांकाचा चालक वगळता इतर सर्वांना त्याने किमान एका फेरीने मागे टाकले होते. पोर्तुगीज ही त्याची मातृभाषा होती. त्यामुळे पोर्तुगालने त्या विजयाला आपलाच विजय मानले. पुढे त्याने त्या देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर घरही घेतले.

१९८८ मध्ये मॅक्लारेन संघात प्रोस्टचा सहकारी म्हणून त्याने पहिले विश्वविजेतेपद मिळवले. त्या हंगामातील १६ पैकी १५ शर्यती या दोघांनी मिळून जिंकल्या. त्यांतील आठ सेन्नाच्या होत्या. १९९० आणि १९९१ मध्ये तो पुन्हा विश्वविजेता ठरला. मात्र या यशाला एक काळी किनारही आहे. १९८९ मध्ये जपानच्या सुझुका येथे प्रोस्टशी टक्कर होऊन आणि नंतर बाद ठरवले जाऊन त्याचे विजेतेपद हुकले. पुढच्या वर्षी त्याच सुझुकाच्या पहिल्याच वळणावर त्याने आपली गाडी प्रोस्टच्या गाडीवर घातली. ती टक्कर हेतुपुरस्सर होती, हे त्याने वर्षभरानंतर स्वतः मान्य केले. प्रचंड वेगातील दोन गाड्या मातीच्या ढिगाऱ्याकडे घसरत गेल्या. दोघेही सुखरूप बाहेर आले, हे त्यांचे भाग्य. सेन्नाचे चरित्र सांगताना हा प्रसंग झाकता येत नाही. दुसऱ्याच्या जिवाशी खेळ करणारी ईर्ष्या त्याच्यात होती, आणि त्याच वर्षी त्याच माणसाच्या मनात दुसऱ्याच्या जिवाविषयी एक खोल चिंताही रुजत होती.

सुझुकापूर्वी काही आठवडे, सप्टेंबर १९९० मध्ये, स्पेनमधील हेरेस येथे सरावाच्या वेळी मार्टिन डोनेली या चालकाची गाडी पूर्ण वेगात लोखंडी कठड्यावर आदळली. गाडीचे अक्षरशः तुकडे झाले आणि आसनाला बांधलेला डोनेली रस्त्याच्या मधोमध फेकला गेला. सराव थांबला. इतर चालक गॅरेजमध्ये बसून राहिले. सेन्ना मात्र अपघातस्थळी गेला. फॉर्म्युला वनचे वैद्यकीय प्रमुख प्राध्यापक सिड वॉटकिन्स जखमीवर उपचार करत असताना तो शेजारी उभा राहून सारे पाहत होता. श्वसनमार्ग कसा मोकळा केला, मान कशी धरली, कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर केली, याविषयी त्याने पुढे वॉटकिन्स यांना बारकाईने प्रश्न विचारले. त्याच दिवशी तो पुन्हा गाडीत बसला आणि त्याने सर्वांत वेगवान फेरी नोंदवली. डोनेली वाचला, पण त्याची फॉर्म्युला वनमधील कारकीर्द तेथेच संपली.

वॉटकिन्स हे लंडनमधील नामांकित मेंदूशल्यविशारद होते आणि १९७८ पासून फॉर्म्युला वनच्या शर्यतींची वैद्यकीय बाजू सांभाळत होते. त्यांचे मेंदूशस्त्रक्रियेचे शिक्षण ऑक्सफर्डला झाले होते. डोक्याच्या इजांच्या अभ्यासाची त्या शहरातील परंपरा सर ह्यू केर्न्स या ऑस्ट्रेलियन शल्यविशारदाने घालून दिली होती आणि तिचा उगम एका दुचाकीच्या अपघातात आहे. मे १९३५ मध्ये लॉरेन्स ऑफ अरेबिया या नावाने गाजलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडले. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवस बेशुद्ध राहून त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत केर्न्स होते. त्यानंतर केर्न्स यांनी दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या इजांचा शास्त्रीय अभ्यास हाती घेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ दुचाकीस्वार व मागे बसणारे रस्त्यावर मरण पावले आणि त्यांतील बहुतेकांच्या मृत्यूला डोक्याची इजाच कारणीभूत होती, हे त्यांनी १९४१ मध्ये मांडले. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त त्यांना त्या वेळी केवळ सात सापडले. ते सातही वाचले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून ब्रिटिश लष्कराने मोटारसायकलस्वार जवानांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांना तेथे ही सक्ती लागू व्हायला मात्र १९७३ साल उजाडावे लागले.

डोक्यावरील आघात मोजण्याची भाषाही याच काळात घडत गेली. गाडी अचानक थांबते तेव्हा शरीरावर पडणारा भार गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजतात. त्या एककाला जी म्हणतात. माणसाचे डोके सुमारे पाच किलो वजनाचे असते. ५० जीचा आघात झाला, की ते क्षणभर अडीचशे किलोंचे होते. जॉन पॉल स्टॅप या अमेरिकी लष्करी डॉक्टरने १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीत स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेतले, ताशी १,०१७ किलोमीटरचा वेग गाठला आणि जेमतेम दीड सेकंदात ती गाडी थांबवून घेतली. त्याच्या शरीराने ४६ जींहून अधिक भार सोसला. काही काळ दृष्टी गेली, पण तो जगला. योगायोग असा, की हा स्टॅपही सेन्नाप्रमाणेच ब्राझीलमध्ये जन्मलेला. नीट बांधलेले शरीर मोठा धक्का सोसते, हे त्याने दाखवून दिले. पट्ट्यांनी शरीर बांधता येते. डोके मात्र मोकळेच राहते. मोटार शर्यतीच्या सुरक्षिततेचा खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

सेन्नालाही याचा अनुभव नवा नव्हता. १९९१ मध्ये मेक्सिकोच्या शर्यतीपूर्वी पाण्यावरील जेट-स्कीच्या अपघातात त्याच्या डोक्याला टाके पडले होते. त्या अवस्थेत सरावाला उतरला असता एका भरधाव वळणावर त्याची गाडी घसरून उलटी झाली. तो गाडीखालून बाहेर आला आणि दोन दिवसांनी शर्यतीत तिसरा आला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९२ मध्ये, बेल्जियमच्या स्पा येथे सरावात फ्रान्सच्या एरिक कोमासची गाडी आदळली. सुटलेले चाक डोक्यावर बसून कोमास बेशुद्ध झाला होता. त्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच दाबलेला राहिला आणि इंजिन किंचाळत होते. मागून आलेल्या सेन्नाने आपली गाडी थांबवली, इतर गाड्या वेगाने येत असताना तो रस्ता ओलांडून धावत गेला, आग लागू नये म्हणून आधी इंजिन बंद केले आणि डॉक्टर येईपर्यंत कोमासचे डोके दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवले. हेरेसला पाहिलेले येथे कामी आले. मान वाकडी झाली तर मज्जारज्जूला इजा होते आणि श्वास अडला तर काही मिनिटांत मेंदू मरतो, हे त्याला ठाऊक होते.

१९९४ मध्ये तो विल्यम्स संघात आला. हंगामातील पहिल्या दोन्ही शर्यती अपुऱ्याच राहिल्या. तिसरी शर्यत इमोलाची. तेथील तांबुरेल्लो या डाव्या वळणावर गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जात आणि रस्त्याकडेला थोड्याच अंतरावर काँक्रीटची भिंत होती. १९८७ मध्ये नेल्सन पिके तेथे आदळला होता; १९८९ मध्ये सेन्नाचा जिवलग मित्र गेरहार्ड बर्गर तेथेच आगीत सापडला होता. त्या अपघातानंतर दोघे मित्र ती भिंत पाहायला गेले. भिंतीमागे सांतेर्नो नदी वाहते. भिंत मागे सरकवायला जागाच नाही, असे मानून दोघे परतले, हे बर्गरने पुढे सांगितले आहे. रस्त्याचे वळणच बदलावे, हा विचार त्या वेळी कोणाच्या मनात आला नाही.

शुक्रवार, २९ एप्रिल रोजी सरावात ब्राझीलचाच तरुण चालक रुबेन्स बारिकेलो याची गाडी हवेत उडून कुंपणावर आदळली. त्याची जीभ घशात जाऊन श्वास अडला होता. वॉटकिन्स यांच्या पथकाने तो मोकळा केला. त्याला शुद्ध आली तेव्हा सेन्ना उशाशी होता. शनिवारी ऑस्ट्रियाचा रोलँड रात्झेनबर्गर ताशी तीनशेहून अधिक किलोमीटर वेगात असताना त्याच्या गाडीचा पुढचा पंख तुटला आणि गाडी भिंतीवर आदळली. पट्ट्यांनी छाती जागच्या जागी धरली. हेल्मेटसह डोके मात्र पुढे फेकले गेले. मानेवर आलेल्या त्या ताणाने कवटीचा तळ फुटला. फॉर्म्युला वनच्या शर्यतीच्या सप्ताहात बारा वर्षांनी झालेला तो पहिला मृत्यू होता. सेन्ना पुन्हा अपघातस्थळी गेला आणि त्याबद्दल त्याला अधिकाऱ्यांची समजही ऐकावी लागली. वैद्यकीय केंद्रात वॉटकिन्स यांच्या खांद्यावर डोके ठेवून तो रडला. या वृद्ध मित्राने त्याला शर्यत सोडून देण्याचा आणि दोघांनी मिळून मासेमारीला जाण्याचा सल्ला दिला. काही गोष्टी आपल्या हातात नसतात, आपल्याला थांबता येणार नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन सेन्ना निघाला. रविवारी सकाळी त्याने इतर चालकांशी बोलून चालकांची सुरक्षा संघटना पुन्हा उभी करण्याचे ठरवले. शर्यतीला निघताना त्याने ऑस्ट्रियाचा ध्वज जवळ ठेवला होता; जिंकल्यावर तो रात्झेनबर्गरच्या स्मरणार्थ फडकवायचा होता.

सातव्या फेरीत तांबुरेल्लोवर त्याची गाडी न वळता सरळ गेली. रस्ता सोडताना तिचा वेग ताशी सुमारे ३१० किलोमीटर होता. दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळात ब्रेक लावून त्याने तो ताशी २१० किलोमीटरच्या आसपास आणला, आणि गाडी भिंतीवर आदळली. शरीराच्या इतर भागांना जीवघेणी इजा झाली नव्हती. मात्र उजवे पुढचे चाक निखळून मागे आले, ते डोक्यावर बसले, आणि त्याला जोडलेल्या सस्पेन्शनचा तुकडा हेल्मेट भेदून आत शिरला. वॉटकिन्स यांनी रस्त्यावरच हेल्मेट उतरवून श्वसनमार्ग मोकळा केला. परंतु मेंदूची इजा पाहताच त्यांना परिणाम उमगला. त्याच संध्याकाळी बोलोन्यातील मज्जोरे रुग्णालयात सेन्नाच्या मृत्यूची घोषणा झाली. अपघाताच्या कारणांवरून, विशेषतः स्टिअरिंगच्या दांड्यावरून, इटलीच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे खटला चालला. ब्राझीलने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला. साओ पाउलोत अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले आणि शवपेटीला खांदा देणाऱ्यांत अलँ प्रोस्टही होता.

अपघातात चालक दगावला की त्याची चूक, त्याचे धाडस किंवा त्याचे नशीब, असे म्हणून पुढच्या शर्यतीची तयारी करायची, ही त्या खेळाची जुनी रीत होती. सेन्नाच्या बाबतीत ती चालली नाही. सर्वश्रेष्ठ चालकच गेला, तेव्हा चालकाच्या कौशल्यावर बोट ठेवणे अशक्य झाले. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने वॉटकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचा सुरक्षा गट नेमला. अपघात ही मोजण्याची, अभ्यासण्याची आणि टाळण्याची गोष्ट आहे, हे या गटाने गृहीत धरले. तांबुरेल्लोचे वळण बदलण्यात आले. भिंत सरकत नव्हती, पण रस्ता सरकला. १९९६ पासून चालकाच्या डोक्याभोवती गाडीच्या कडा उंच करून जाड गाद्या बसवल्या गेल्या. आघाताची नोंद ठेवणारी यंत्रे गाड्यांत आली. चाक निखळून चालकाकडे येऊ नये म्हणून ते मजबूत दोरांनी गाडीला बांधले जाऊ लागले. रात्झेनबर्गरला झालेल्या इजेवर उपाय तर आधीच अस्तित्वात होता. रॉबर्ट हबर्ड हे अमेरिकी प्राध्यापक आणि त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी १९८०च्या दशकातच खांद्यावर बसणारी आणि हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेली एक कॉलर तयार केली होती. डोके पुढे फेकले जाऊ न देणारी ही हान्स कॉलर फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून सक्तीची झाली.

त्यानंतरही काम थांबले नाही. २०१४ मध्ये जपानमध्ये ज्यूल्स बियांची रस्त्याकडेच्या क्रेनखाली घुसला आणि नऊ महिन्यांनी डोक्याच्या इजेने मरण पावला. सेन्नानंतर फॉर्म्युला वनच्या शर्यतीतील तो पहिलाच असा बळी होता. २०१८ पासून चालकाच्या डोक्यावर टायटॅनियमची कमान आली. तिला हेलो म्हणतात. ती दिसायला विद्रूप आहे, शर्यतीच्या परंपरेला सोडून आहे, अशी कुरकुर अनेकांनी केली; रोमँ ग्रोजाँ हा चालकही त्यांत होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये ग्रोजाँची गाडी लोखंडी कठडा फोडून आरपार घुसली आणि पेटली. ६७ जींचा तो आघात होता. कमानीने कठड्याचा पत्रा डोक्यावरून दूर सारला आणि ग्रोजाँ आगीतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला. कमानीला विरोध करण्यात चूक झाली, हे त्याने रुग्णालयातूनच मान्य केले.

डोक्याला होणारी इजा, या साऱ्या इतिहासातून पाहिली तर, तीन प्रकारची असते. वस्तू भेदून आत जाते, ती सेन्नाची. मान ताणली जाऊन कवटीचा तळ फुटतो, ती रात्झेनबर्गरची. तिसरी सर्वांत जुनी आणि सर्वांत साधी : डोके कठीण पृष्ठभागावर आपटते आणि कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो. ही लॉरेन्सची इजा, आणि गोव्यातील रस्त्यांवर दुचाकीवरून पडणाऱ्यांचीही बहुधा हीच. पहिल्या दोहोंवर उपाय शोधायला जगातील सर्वांत धनाढ्य खेळाला अनेक दशके आणि अमाप पैसा लागला. तिसरीवरचा उपाय म्हापशाच्या किंवा डिचोलीच्या बाजारातील दुकानात टांगलेला असतो.

त्याचे गणित शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. उभ्या दुचाकीवरून माणूस कोसळला, तरी डोके सुमारे दीड मीटर उंचीवरून रस्त्यावर येते आणि ताशी जवळपास २० किलोमीटर वेगाने आपटते. डांबर दबत नाही. उघडे डोके जेमतेम पाच मिलिमीटरच्या अंतरात थांबते. दीड मीटर म्हणजे १,५०० मिलिमीटर. त्याला पाचने भागले की सरासरी ३०० जींचा आघात होतो. पाच किलोंचे डोके त्या क्षणी दीड हजार किलोंचे झालेले असते. हेल्मेटच्या आतील थर्माकोलसारखा थर वीस मिलिमीटर दबला, तर हाच आघात ७५ जींवर उतरतो. बाहेरचे कठीण कवच पाहून हेल्मेट निवडले जाते. जीव वाचवतो तो आतील मऊ थर. म्हणूनच आयएसआय चिन्ह नसलेले, आत नुसते कापड असलेले टोपडे निरुपयोगी ठरते, एकदा मोठा आघात सोसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, आणि हनुवटीखालचा पट्टा बांधला नाही तर ते रस्त्यावर पोचण्यापूर्वीच डोक्यावरून निघून जाते. ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरच्या खांबावर आपटणे हे तर तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्यासारखे आहे. अवजड ट्रकच्या चाकाखाली हेल्मेटही हतबल होते. पण प्रत्येक अपघात तसा नसतो.

पेडणे तालुक्यात पत्रादेवीपासून धारगळपर्यंत महामार्ग रुंद झाला, मोपाचा विमानतळ सुरू झाला, हरमल-मोरजीच्या वाटेवर भाड्याच्या दुचाक्या वाढल्या. डिचोली-साखळीच्या रस्त्यांवर खनिजवाहू ट्रक आणि शाळा-कॉलेजची मुले यांना एकच डांबर वाटून घ्यावे लागते. वेग वाढला, सवयी मात्र गावच्या जुन्या वाटेच्याच राहिल्या. दुकान जवळच आहे, देवळापर्यंतच जायचे आहे, पोलीस पुढच्या नाक्यावर असतो, या कारणांनी हेल्मेट आरशाला लटकत राहते किंवा कोपरात अडकवलेले असते. मागे बसलेली आई आणि पुढे उभे केलेले मूल यांच्या डोक्यांचा तर विचारच होत नाही. मोटार वाहन कायद्याचे १२९वे कलम चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट बंधनकारक करते. गोव्यात गेल्या काही वर्षांत रस्ता अपघातांत दरवर्षी दोनशेहून अधिक माणसे मरत आहेत आणि त्यांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा आहे. पेडण्यात किंवा डिचोलीत मेंदूला मार लागलेला रुग्ण बहुधा बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत न्यावा लागतो. त्या प्रवासातील प्रत्येक मिनिट मेंदूच्या हिशेबातून वजा होत असते.

म्हणून स्पा येथील ती दोन मिनिटेही गोमंतकीयांनी लक्षात ठेवावीत. रस्त्यावर पडलेल्या दुचाकीस्वाराला चार हातांनी उचलून गाडीत कोंबण्याची आपल्याकडील धडपड मायेपोटी असते. पण तिने मोडलेली मान कायमची निकामी होऊ शकते. इंजिन बंद करावे, मागून येणारी वाहने थांबवावीत, १०८ क्रमांकाला कळवावे, श्वास चालू आहे ना हे पाहावे, तो चालू असेल तर हेल्मेट ओढून न काढता डोके आणि मान एका रेषेत स्थिर धरून ठेवावी. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे. पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पाय मागे घेण्याचे कारण उरलेले नाही.

गरीब मुलांसाठी काही करावे, ही इच्छा सेन्नाने मृत्यूपूर्वी बहीण विवियानकडे बोलून दाखवली होती. तिने त्याच वर्षी त्याच्या नावाने संस्था स्थापन केली. ती आज ब्राझीलमधील मुलांच्या शिक्षणासाठी काम करते. त्याने पुन्हा उभी करायला घेतलेली चालकांची संघटनाही त्याच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच मोनॅकोत उभी राहिली. साओ पाउलोच्या मोरुंबी दफनभूमीत हिरवळीत बसवलेल्या साध्या फलकाखाली तो विसावला आहे. त्याच्यामागून आलेल्या चालकांची डोकी वाचली, कारण त्या खेळाने मृत्यूला नशीब म्हणणे सोडून दिले. पेडणे-डिचोलीच्या रस्त्यांवर हे सोडून देणे अजून बाकी आहे.